ऑर्लिनची एक्केचाळीस पाती

मागच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्या भावाच्या घरी टेबलावर कुणी जेवलं नाही. टेबलावर पाती मांडलेली होती. बाणाच्या टोकाला लावायची पाती, एकूण एक्केचाळीस. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी, चिठ्ठीवर वजन, धारेची लांबी आणि ऑर्लिनचं मत. मत दर आठवड्याला खोडून नवं लिहिलेलं. माझी भावजय ग्लेनिस सोफ्यावर मांडीवर ताट घेऊन जेवायची आणि मी दारात दिसले की म्हणायची, "ये फर्न, ये. तूच विकतेस ना त्याला हे? मग बस आता जमिनीवर."

ती म्हणायची ते खोटं नव्हतं. आमच्या गावातल्या शेतीसामानाच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात धनुष्यबाणांचा काउंटर आहे, तो सव्वीस वर्षं मी सांभाळते. एक्केचाळीसांतली बत्तीस पाती माझ्याकडचीच होती. उरलेली नऊ त्यानं माझ्या नकळत टपालानं मागवली होती, जणू मी त्याची बायकोच आहे.

ऑर्लिन पाटकरी आहे. नदीतून निघालेला आमचा पाट एकवीस मैलांचा. त्यावर चौतीस दारं, आणि कुणाच्या दाराला किती पाणी, कोणत्या वारी, हे तो ठरवतो. कोरड्या वर्षी जुलैत दोन शेजारी फावडी घेऊन एकमेकांसमोर उभे राहतात, तेव्हा हा गाडीतून उतरतो, पाण्याकडे बघतो, "तू मंगळवारी, तू गुरुवारी" म्हणतो आणि निघून जातो. दोन मिनिटांचं काम. तीस वर्षांत त्याच्या शब्दाला कुणी आव्हान दिलेलं नाही, कारण पाण्याच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नाही. आणि हाच माणूस बोटाएवढ्या पोलादाच्या तुकड्यासमोर अकरा वर्षं अडून बसला होता. मी तर हात टेकले होते.

या वर्षी मात्र अडून बसायला वेळ नव्हता. आमच्या वायव्येला जो डोंगराळ टापू आहे, तिथं बाणानं एल्क, म्हणजे घोड्याएवढं रानहरीण, मारायचा परवाना सोडतीत निघतो. दरवर्षी अर्ज करायचा, दरवर्षी 'यंदा नाही' असं पत्र यायचं, आणि तुमच्या नावावर एक गुण जमा व्हायचा. ऑर्लिनचे एकोणीस गुण जमले तेव्हा कुठं जूनमध्ये परवाना हातात पडला. नशीब असं, की त्याच आठवड्यात त्याच्या उजव्या खांद्याचे फोटो आले. डॉक्टरीणबाईंनी ते खिडकीशी धरले आणि म्हणाल्या, "डिसेंबरात हा खांदा उघडू. त्यानंतर धनुष्य भिंतीवर टांगायचं, मिस्टर टेगार्डन. नातवंडांना दाखवायला."

चौसष्ट वर्षांचा माणूस, एक परवाना, एक सप्टेंबर. त्याला शिंगं भिंतीवर लावायची नव्हती. त्याला फक्त एक एल्क एका बाणात, स्वच्छ पाडायचा होता, धनुष्य ठेवण्याआधी. तसं का, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यानंच ते सगळ्यांना सांगितलं होतं.

अकरा वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात, शेजारच्या टापूत, जिथं तेव्हा सोडत नव्हती, त्यानं एका मोठ्या नरावर बाण सोडला. बाण लागला. मग त्यानं मला बोलावून घेतलं आणि तीन दिवस आम्ही दोघं त्या रक्तामागं फिरलो. पहिल्या दिवशी पानांवर टपोरे थेंब, दुसऱ्या दिवशी एखादा ठिपका, तिसऱ्या दिवशी काहीच नाही. घोड्याएवढं जनावर, बाण अंगात घेऊन, कुठल्या तरी घळीत जाऊन मेलं असणार आणि आम्हाला ते सापडलं नाही. आमच्याकडं बाईला टाकून गेलेल्या माणसाला गाव दोन वर्षांत माफ करतं. जखमी जनावर सोडून आलेल्याला मात्र कॉफी देताना जरा उशीर करतं.

तिथून उतरला तो थेट बर्निसच्या कॅफेत गेला आणि तिथल्या मोठ्या गोल टेबलापाशी सांगून मोकळा झाला, "नर आडवा उभा होता. भिंतीसारखा. पातं उघडलंच नाही. फर्ननं दिलेलं."

आता हे थोडं सांगायला हवं. एल्क आडवा उभा असला, म्हणजे कूस तुमच्याकडे असली, तर बाण फासळ्यांतून आत जातो आणि जनावर शंभर पावलांत पडतं. छाती तुमच्याकडे करून उभा असला तर समोर नुसती हाडं. तेव्हा शहाणा माणूस दोरी सोडत नाही. नर आडवा होता म्हटल्यावर नेम चुकला नव्हता, मग दोष पात्याचाच. आणि ते पातं उघडणाऱ्या जातीचं होतं, हवेतून मिटलेलं जातं आणि लागल्यावर पंख पसरतं, ते मीच त्याला काउंटरवरून दिलं होतं. "घे, उत्तम आहे," असं म्हणून.

तसं पाहिलं तर माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ माणसांचा बाण चुकला की पातं वाईट असतं. नाचता येईना अंगण वाकडं. हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणत नाही, कारण अंगण मीच विकते. पण ऑर्लिनचं मी खरं मानलं. त्या पात्याची उरलेली सगळी पाकिटं मी उचलून कचऱ्यात टाकली आणि परत कधी मागवली नाहीत. अकरा वर्षं मी गिऱ्हाइकाच्या हातात पातं देताना एक क्षण थांबले आहे. आणि अकरा वर्षं ऑर्लिन दरवर्षी नवं पातं शोधत आला आहे, आणि बर्निसच्या टेबलावर दरवर्षी तीच गोष्ट. मी शेजारी बसलेली असले तरी.

जुलैतल्या एका रविवारी मी चर्चमधून घरी येते तर हा माझ्याच अंगणात. गवताच्या गठ्ठ्यावर त्यानं गाईच्या खांद्याचा फरा बांधलेला, क्लीटस खाटकाकडून आणलेला, मांसाच्या चिंध्या लोंबत असलेला. फऱ्यावर एल्कच्या कातड्याच्या ऐवजी चामडं ताणून बसवलेलं. माझं कुत्रं खाली बसून लाळ गाळत होतं.

"हे चामडं कुठलं?" मी विचारलं.

"जुनं होतं."

मी जवळ जाऊन बघितलं. त्यावर पितळी कुलूप होतं. "ऑर्लिन! ही ग्लेनिसची बॅग आहे. लग्नातली!"

"एकच बाजू कापलीय," तो म्हणाला. "दुसरी अजून चांगली आहे."

मग त्यानं एकामागून एक नऊ बाण मारले. प्रत्येक बाणानंतर जाऊन बघायचं, बोटानं खोली मोजायची, वहीत लिहायचं. तीन धारांचं पातं फऱ्यात अडकून बसलं. उघडणारं चामड्यातच उघडलं आणि तिरकं घसरलं. दोन धारांचं एकसंध पातं हाडात दोन बोटं शिरलं.

"दोन बोटं," तो निराश होऊन म्हणाला. "अजून आत जायला हवं."

"अरे पण फऱ्यातून जायचंच कशाला? फऱ्याच्या मागं मार ना. सगळं जग मागं मारतं."

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि दहावा बाण लावला, तोही फऱ्यावरच. मला वाटलं, उन्हानं डोकं तापलंय. मी आत जाऊन सरबत केलं आणि एकटीच प्याले.

ऑगस्टच्या शेवटी तो काउंटरवर आला, हातात पात्यांची पुठ्ठ्याची पेटी. एक्केचाळीसांतली सहा उरली होती म्हणे. मी दुकानाचा दिवा बंद करायला निघाले होते.

"ऐक," मी म्हटलं, "तू पूर्वी सत्तर पौंडांचं धनुष्य ओढायचास. आता खांद्यापायी अठ्ठेचाळीस ओढतोस. अठ्ठेचाळीस पौंडांत उघडणारं पातं घेतलंस तर त्याचा अर्धा जोर उघडण्यातच जाईल. तुला जड, एकसंध, दोन धारांचं पातं हवं आणि त्याला वस्तऱ्यासारखी धार हवी. झालं. संपलं."

"पण अरुंद नाही का ते? रक्त कमी सांडतं. माग काढायला त्रास होतो."

"मग तीन धारांचं घे."

"ते वारा धरतं."

"मग उघडणारं घे!"

"त्याचं नाव काढू नकोस."

"मग एल्कचा गळा हातानं दाब, ऑर्लिन! पण मला घरी जाऊ दे!"

तो पेटीकडे बघत राहिला. चौतीस दारांचं पाणी दोन मिनिटांत वाटणारा माणूस, आणि कपाळावर घाम. शेवटी म्हणाला, "तू ठरव."

मी ठरवलं. त्या आठवड्यात तीन पाती दगडावर बसून घासली, मनगटावरचे केस उडेपर्यंत. आमच्या बाबांनी आम्हा दोघांनाही धार लावायला शिकवली होती, पण हात माझाच बसला. ऑर्लिन घासता घासता दगड बदलतो. तीन बाणांना तीन सारखी पाती लावली, त्याच्याकडून निशाणा नीट बसवून घेतला आणि बजावलं, की आता हात लावायचा नाही. त्यानं मान हलवली. बरोबर मीच जाणार होते. एल्कची मादी ओरडते तसा आवाज काढून नराला जवळ बोलवायला मागं एक माणूस लागतो, आणि ऑर्लिनबरोबर जायला आता दुसरं कुणी तयार नव्हतं. तंबूत रात्रभर पात्यांवर व्याख्यान कोण ऐकणार?

निघालो त्या सकाळी पेट्रोल भरायला थांबलो. तो आत पैसे द्यायला गेला तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी मागची पेटी उघडली. तीन बाणांतल्या एकावर माझं पातं. दुसऱ्यावर तीन धारांचं. तिसऱ्यावर असलं काहीतरी जाडजूड, की जे मी आयुष्यात विकलं नाही. एकाचं वजन शंभर ग्रेन, एकाचं सव्वाशे, एकाचं दीडशे. वजन बदललं की बाण वर किंवा खाली लागतो, हे पहिल्यांदा धनुष्य हातात धरणाऱ्यालाही मी पाच मिनिटांत शिकवते.

तो बाहेर आला तेव्हा मी पेटी उघडी धरून उभी होते.

"फर्न, आधी ऐकून घे. आडवा उभा असला तर तुझं. जरा तिरका असला तर हे मधलं."

"आणि हा खिळा?"

तो गाडीच्या काचेवरचे मेलेले किडे नखानं खरवडायला लागला. "समोरून असला तर."

"समोरून असला तर सोडायचाच नाही! तुला कितव्यांदा सांगू? तूच मला शिकवलंस हे. मी चौदा वर्षांची होते!"

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

मी तिथंच पाना काढला, ती दोन पाती उतरवली, पेटीच्या तळाशी पडलेली माझी लावली आणि त्याची दोन्ही पेट्रोल पंपावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुढचे ऐंशी मैल आम्ही रेडिओवर गुरांचे भाव ऐकत गेलो.

पाच दिवस काही झालं नाही. वारा रोज नको त्या बाजूनं. रोज पहाटे उठायचं, थंडगार बूट घालायचे, चढायचं, मी नळीतून ओरडायचं, लांबून एखादा नर शीळ घातल्यासारखा किंचाळायचा आणि आपल्या माद्या घेऊन पलीकडच्या खोऱ्यात जायचा. ऑर्लिन संध्याकाळी खांद्याला शेक देत बसायचा. एका हातानं डबा उघडता येईना, तो मी उघडून द्यायची. घरून आणलेली हिरव्या मिरचीची डुकराच्या मांसाची भाजी संपली, मग नुसते बीन्स. शनिवारी मला काउंटरवर परत जायचं होतं आणि हा गुरुवार होता.

सहाव्या दिवशी सकाळी वारा फिरला. आम्ही जुनिपरच्या विरळ झाडीत होतो. ऑर्लिन पुढं एका खोडाआड गुडघ्यावर, मी चाळीस पावलं मागं. मी दोनदा ओरडले. दुसऱ्या ओरडण्याला उत्तर इतक्या जवळून आलं की नळी माझ्या दातांवर आपटली. मग फांद्या मोडल्याचा आवाज. मग वास, त्या दिवसांत नर स्वतःच्याच मुतात लोळतो, तो वास एकदा नाकात गेला की आठवडा जात नाही. आणि मग तो दिसला. दोन्हीकडे सहा-सहा टोकांची शिंगं, मान काळी, चिखलानं माखलेली. सरळ आमच्याकडे येत होता.

अशा वेळी बाण दोरीवर आधीच लावलेला असतो. ऑर्लिननंही लावला होता. मी बघते तो काय, त्यानं तो काढून भात्यात परत ठेवला आणि दुसरा घेतला. दुसराही परत ठेवला. तिसऱ्याकडं हात गेला. तिन्ही बाण सारखे, तिन्ही पाती मी एकाच दगडावर घासलेली, आणि हा माणूस त्यातून निवड करत होता! मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ओरडले असते तर मादीचा नाही, माझाच आवाज निघाला असता.

नर एका दाट जुनिपरमागं गेला. त्याचं डोकं झाकलं तसं ऑर्लिननं धनुष्य ओढलं. मला त्याची पाठ दिसत होती. ती अशी वाकडी झाली की माझाच खांदा दुखला. पण ओढलं. पूर्ण ओढलं आणि धरलं.

नर झाडाच्या या बाजूनं बाहेर आला. बावीस पावलं. आणि थांबला. छाती सरळ ऑर्लिनकडं.

मी ओरडू शकत नव्हते. ओरडले असते तर तो तसाच आमच्याकडं बघत राहिला असता. तो एक पाऊल जरी डावीकडं टाकता तरी कूस उघडी पडली असती. टाकत नव्हता. ऑर्लिनचं कोपर थरथरायला लागलं. मी मनात म्हणत होते, वळ रे, वळ, वळ. आणि खरं सांगायचं तर थोड्या वेळानं मी दुसरंच म्हणायला लागले. मी, जी सव्वीस वर्षं लोकांना हेच करू नका म्हणून सांगते, ती मनात म्हणत होते, सोड मेल्या, बावीस पावलांवर आहे, सोड, काय व्हायचं ते होऊ दे, एकोणीस वर्षं झाली.

त्यानं सोडला नाही. थरथर खांद्यापर्यंत आली, मग त्यानं दोरी पुढं जाऊ दिली. ती हिसका देऊन गेली, धनुष्य खोडावर आपटलं, आणि नर वळून असा पळाला की दगड गडगडत खाली गेले. वळला तेव्हा क्षणभर आडवा होता. भिंतीसारखा.

मी धावत गेले. "एकोणीस वर्षं!" मी ओरडत होते. "एकोणीस वर्षं, एक्केचाळीस पाती, ग्लेनिसची बॅग! अजून थोडं धरायचंस! तो वळणारच होता! वळला, बघितलंस ना? वळला!"

"हात गेला, फर्न."

तो खाली बसला होता. उजवा हात मांडीवर, तळवा वर, जणू दुसऱ्या कुणाचा. चेहरा पांढरा. मी थांबले खरी, पण राग थांबला नाही. त्याला अंगावर कोट घालता येईना, तो मी घालायला लागले आणि बटणं लावता लावता बोलतच राहिले. बाण भात्यात परत काय ठेवतोस, सारखेच तर होते, मी लावलेले, एवढासुद्धा विश्वास नाही माझ्यावर, एक पातं चुकलं म्हणून जन्मभर…

"ते पातं चुकलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"त्या वेळी. तोही असाच उभा होता. छाती माझ्याकडं." त्यानं जुनिपरकडं मान केली, जणू दोन्ही नर तिथंच उभे होते. "आडवा नव्हता. मला दिसत होतं. वळेल म्हणून थांबायला हवं होतं. मी नाही थांबलो. सोडला."

माझ्या हातात वरून तिसरं बटण होतं. "पातं उघडलं नाही म्हणालास."

"उघडलं असणार. छातीच्या हाडावर उघडून ते काय करणार?"

"मग ही एक्केचाळीस पाती कशासाठी होती?"

त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "मला वाटलं, एखादं तरी पातं असं सापडेल, की जे समोरूनही आत गेलं असतं. एक जरी सापडलं असतं, तर मग मी केलं ते अगदीच चुकीचं नव्हतं, नाही का? नुसतं पातं चुकलं होतं."

"सापडलं?"

"नाही."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खरंच वाटली, हात उचललाही असता, पण तो धड बसूही शकत नव्हता. अकरा वर्षं मी त्या जनावराचं मरण स्वतःच्या हातातलं समजत होते. आणि हा बर्निसच्या टेबलावर माझ्या शेजारी बसून बटाटे-अंडी खात होता आणि माझं नाव सांगत होता. त्याच वेळी मला हेही दिसत होतं, की एकोणीस वर्षांनी आलेला त्याचा शेवटचा बाण त्यानं हात निकामी होईपर्यंत धरला आणि सोडला नाही. या दोन गोष्टींचं एकाच वेळी काय करायचं ते मला कळेना. मी उरलेली बटणं लावली, चुकीच्या काजात, आणि परत काढून नीट लावली.

"गावभर सांगितलंस तू," मी म्हटलं.

"हो."

"आता गावभर उलटं सांगायचं."

"सांगतो."

"आज."

"आज," तो म्हणाला.

तंबू मीच आवरला, गाडी मीच चालवली. दुपारी एकच्या सुमाराला बर्निसच्या कॅफेसमोर थांबवली. गोल टेबल भरलेलं होतं, नेहमीसारखं: पाच माणसं, पाचही माझी गिऱ्हाइकं, बटाटे आणि अंडी संपवून कॉफीवर आलेली. क्लीटस खाटकानं आमच्याकडं बघितलं, मग ऑर्लिनच्या लुळ्या हाताकडं. "काय रे, गाडीत काही आहे का? की परत पात्यानं दगा दिला?"

दोघंतिघं हसले. ऑर्लिन बसला नाही. डाव्या हातानं टोपी काढली. पाटावर निवाडा देताना काढतो तशी.

"फर्नचं पातं चांगलं होतं," तो म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वीचं. तो नर आडवा नव्हता. छाती माझ्याकडं होती. मला दिसत होतं आणि तरी मी सोडला. मी तुम्हाला खोटं सांगितलं, आणि तिच्या तोंडावर सांगितलं. एवढंच."

मला वाटलं होतं, आता कल्ला होईल. या टेबलावर कुणी खुर्चीवरून पडलं तर त्याला सहा महिने त्यावरून ऐकावं लागतं. पण कुणी हसलं नाही. कुणी "अरेरे"ही म्हटलं नाही. पाचही जण आपापल्या कपात बघत होते. क्लीटस चमच्यानं कॉफी ढवळत होता. तो साखर घेत नाही.

मी एकेकाकडं बघितलं. वळून दुसऱ्याकडं बघितलं. कुणी मान वर करेना.

"माझा तो चौदा सालचा नर," क्लीटस शेवटी चमच्याकडं बघत म्हणाला. "फऱ्यावर लागून गेला तो."

"त्याचं काय?" मी विचारलं.

"तोही जरा समोरूनच होता."

चौदा सालच्या त्या पात्याची तक्रार घेऊन क्लीटस माझ्याकडं तीनदा आला होता. तीनदा! भर दुकानात, लोकांसमोर. मी त्याला दोन नवी पाकिटं बदलून दिली होती, वर कारखान्याला पत्र लिहिलं होतं, आणि कारखान्यातल्या बिचाऱ्यांनी माफी मागितली होती.

मी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली, त्या पाच जणांच्या मध्ये घुसवली आणि बसले.

"बर्निस, मला कॉफी आण," मी म्हटलं. "मोठ्या कपात. आणि तुम्ही बाकीचे, एकेक करून बोला. मला शनिवारपर्यंत सुट्टी आहे."